वहिनी, आकडा सांगू नका

"तुझी बायको काय करते?" असं कुणी विचारलं की माझा नवरा आजही बिनदिक्कत सांगतो, "घरं विकते." वीस वर्षांहून जास्त काळ मी त्याला समजावते आहे, की ते मी कधीच सोडलं. मी घर घेणाऱ्यांच्या बाजूने उभी राहते. त्यांच्यासाठी शोधते, भाव करते, भांडते. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसाला हे कळत नसेल, तर लंडनच्या टोकाच्या या पिनरमधल्या बाकीच्या मराठी मंडळींना कळावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

म्हणून आधी सोपं करून सांगते. इथे घरासमोर 'फॉर सेल'चा बोर्ड लागतो आणि त्यावर एका एस्टेट एजंटचं नाव असतं. तो एजंट विकणाऱ्याचा. त्याची फी विकणारा देतो. तो तुम्हाला घर दाखवेल, हसेल, तुमच्या मुलांची नावं लक्षात ठेवेल, पण तो तुमचा नव्हे. मुंबई-पुण्याचा दलाल दोघांकडूनही घेतो आणि दोघांचाही असल्याचं सोंग आणतो. त्या सवयीने आपली माणसं इथल्या एजंटलाही घरचा समजतात. स्वयंपाकघर बघता बघता त्याला सगळं सांगून मोकळी होतात: मुलाला कुठल्या शाळेत घालायचंय, सध्याचं घर कधी सोडायचंय, आणि ताणून ताणून किती देऊ शकतो. तो मान डोलावतो आणि ऑफिसात जाऊन लिहून ठेवतो.

मला हे ठाऊक आहे, कारण लिहून ठेवणारी एके काळी मीच होते.

पिनरच्या हाय स्ट्रीटवर एका एजंटच्या ऑफिसात मी नोकरी करत होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टर रेगे आणि वहिनी घर बघायला आले. डॉक्टर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, कमी बोलणारे. वहिनी त्याच्या बरोबर उलट. मी मराठी आहे हे कळताच त्यांनी माझा हात धरला आणि मला त्या घराच्या परसदारी नेलं. "नीला, आपल्यातली म्हणून सांगते हं. आम्ही इथवर जाऊ शकतो," म्हणत त्यांनी आकडा सांगितला. "पण सुरुवात कमीनं करतोय. तू सांभाळून घे."

मी सांभाळून घेतलं नाही. तो आकडा फाइलमध्ये लिहिला आणि विकणाऱ्याला कळवला. कायद्याने ते माझं कामच होतं. मी विकणाऱ्याची नोकर होते. घर बरोबर त्याच आकड्याला गेलं, एक पेनी इकडे नाही की तिकडे नाही. साहेबांनी पाठ थोपटली. आणि किल्ल्या मिळाल्यावर वहिनी ऑफिसात आल्या त्या घरी केलेल्या पेढ्यांचा डबा घेऊन. "नीला होती म्हणून झालं," असं त्यांनी माझ्या साहेबांना इंग्लिशमध्ये सांगितलं. मी पेढा तोंडात घातला. तो आजवर घशाखाली उतरलेला नाही.

वर्षभरात मी ती नोकरी सोडली आणि पलीकडच्या बाजूला आले. रेगे कुटुंब तोवर आमच्या घरचंच झालं होतं. दर दिवाळीला वहिनींचा फराळाचा डबा यायचा, आणि दर दिवाळीला मी ठरवायचे की यंदा सांगून टाकू. धीर काही झाला नाही.

नव्या धंद्यात पहिली काही वर्षं मी सगळं तोंडी केलं. आपल्याच माणसांकडून सही कशी मागायची? मग एका गृहस्थांनी मला होकायंत्र घेऊन सतरा घरं हिंडवलं. दक्षिणेला दार नको, ईशान्येला संडास नको. अठराव्या घराच्या वेळी कळलं, की सातवं घर त्यांनी मेव्हण्यामार्फत परस्पर घेतलंय. वर मला वास्तुशांतीचं आमंत्रण! जेवण उत्तम होतं, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी मी सॉलिसिटरकडे, म्हणजे घरांचे कागद करणाऱ्या वकिलाकडे, गेले आणि करार तयार करून घेतला.

त्या करारात भयंकर काही नाही. सहा महिने तुम्ही माझ्यासोबतच घर शोधायचं. थोडी फी आधी, बाकीची घर झाल्यावर. मी दाखवलेलं घर माझ्या पाठीमागे घेतलंत तरी माझी फी बुडत नाही. हे कलम होकायंत्रवाल्यांच्या स्मरणार्थ. घरी बसून सही केली असेल तर चौदा दिवसांत मोडायचीही मुभा. पण लोक इथेच वाचायचं थांबतात, आणि खरी गंमत पुढच्या पानावर असते. त्या पानावर मी बांधलेली असते. दुसऱ्या कुणाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. तुमचं गुपित माझ्यापाशीच राहील. आणि माझ्या दोन गिऱ्हाइकांना एकच घर हवं झालं, तर ज्याने त्या घरासाठी मला आधी कामाला लावलं त्याचीच मी. दुसऱ्याला तसं तोंडावर सांगायचं, बाकी चकार शब्द काढायचा नाही.

हे शेवटचं कलम सॉलिसिटरने घातलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, पिनरमध्ये इतकी घरं पडलीत, असं कधी होतंय?

निखिल आणि मधुरा माझ्याकडे आले ते उत्तरेला तासाभरावरच्या मिल्टन कीन्सहून. निखिल इथेच जन्मलेला, आयटीतला. मधुरा लग्न होऊन पुण्याहून आलेली. निखिलचे वडील, अण्णा, आमच्याच भागातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभा जन्म काम करून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर पिनरचा फ्लॅट विकून मुलाकडे राहायला गेले. तिथे त्यांना अर्धांगाचा झटका आला. निखिलचं घर तिकडच्या पद्धतीचं, उभं आणि अरुंद: खाली स्वयंपाकघर, मधे बसायची खोली, वर झोपायच्या खोल्या. हॉस्पिटल म्हणालं, या जिन्यांच्या घरात पेशंट सोडणार नाही. अण्णांची रवानगी केअर होममध्ये झाली.

"मावशी, तुम्हाला सगळ्यात वाईट काय सांगू?" मधुरा म्हणाली. "झटक्यानंतर त्यांचं इंग्लिश गेलं. पूर्ण गेलं. फक्त मराठी उरलंय."

"ते पाणी मागतो," निखिल त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आणि केअरर म्हणते, येस डार्लिंग, आणि टीव्हीचा आवाज वाढवते. शी इज लव्हली, पण तिला कळत नाही ना. माझा भीती हा आहे की अण्णा तिथेच राहील."

तेव्हा काय पाहिजे होतं ते स्वच्छ होतं. पिनरमध्ये, अण्णांच्या जुन्या दोस्तांजवळ, बिनजिन्याचा, बैठा बंगलो. इथे असे बंगलो थोडे, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले म्हातारे पुष्कळ.

मी करार पुढे ठेवला. मधुरा जरा दुखावली. "अहो मावशी, आपल्यात हे एवढं फॉर्मल कशाला?" निखिल मात्र इथला. त्याने बोट ठेवून वाचायला घेतला आणि पहिल्या पानाशी म्हणाला, "ओके, तुम्ही आम्हाला लॉक करता. तुम्हाला कोण लॉक करतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला. मी पान उलटलं आणि म्हटलं, "हे वाच." त्याने वाचलं आणि सही केली.

साधारण त्याच सुमारास रेगे मंडळींनीही घर बदलायचं काढलं होतं. डॉक्टरांचे गुडघे गेले होते. मी त्यांच्यापुढेही कागद ठेवला, तर डॉक्टरांनी तो न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला. "आपल्यात कागद कसला, नीला? तू काय परकी आहेस?" मी आग्रह धरायला हवा होता. पण तो पेढा! ज्यांना एकदा फसवलं त्यांच्याकडून सही कुठल्या तोंडाने मागू? गप्प बसले. चूक माझीच.

उन्हाळ्यात बंगलो सापडला. बाजारात येण्याआधीच मला कुणकुण लागली होती. एकटी राहणारी म्हातारी बाई मुलीकडे डेव्हनला निघाली होती. रुंद दारं, बाथरूम खोलीला लागूनच, मागे ऊन येणारी खोली. फक्त तो होता रेग्यांच्याच रस्त्याच्या टोकाला. मी दोन मिनिटं गाडीतच बसून राहिले. मग उतरले आणि निखिलला फोन केला. ज्याने सही करून शोधायला लावलं होतं, त्याचंच ते घर होतं.

भाव मी केला, आणि चांगला केला, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. ऑफर मान्य झाली. पण या देशात मान्य झालेल्या ऑफरला किंमत शून्य. दोन्ही सॉलिसिटर सह्या झालेले कागद अदलाबदल करतात, त्याला एक्स्चेंज म्हणतात. ते होईपर्यंत विकणारा कधीही फिरू शकतो. आणि एक्स्चेंज होईपर्यंत महिने जातात. सर्व्हे, कौन्सिलचे कागद, बँक. बघता बघता गणपती आले.

मंडळाचा गणपती नेहमीप्रमाणे शाळेच्या हॉलमध्ये होता. आरती संपली, मी हातावर प्रसाद घेऊन चपला शोधत होते, तेवढ्यात वहिनींनी मला कोपऱ्यात ओढलं. डोळे चमकत होते.

"नीला, आमच्या रस्त्याच्या टोकाचा बंगलो! बोर्डवर सोल्ड लिहिलंय, पण शेजारीण सांगत होती, अजून एक्स्चेंज झालेलं नाही. डॉक्टरांना जिना चढवत नाही गं. तू आम्हाला तो मिळवून दे. हे बघ, तुला म्हणून सांगते, आम्ही अगदी शेवटी..."

तोच हात, तोच आवाज, तेच 'तुला म्हणून'. प्रसादाचा हात मी तसाच पुढे केला.

"वहिनी, आकडा सांगू नका."

त्या थांबल्या. "का गं?"

"त्या घरासाठी मी दुसऱ्या कुणाची तरी आहे. कुणाची ते सांगता येणार नाही. तुम्ही ऑफर करा, तुमचा हक्क आहे. दुसरा माणूस नेमा. पण माझ्याशी त्या घराबद्दल एक अक्षर बोलू नका. तुम्ही बोललात तर ते ऐकलेलं त्यांच्याच कामी येईल."

वहिनी चपला घालून निघून गेल्या. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. कमी बोलणारा माणूस चिडला की फार कमी बोलतो. "कुणा परक्यासाठी तू आम्हाला नाही म्हणतेस?"

"हो डॉक्टर."

फोन बंद. मी ओट्याशी उभी राहून रडले, नवऱ्याने चहा करून हातात दिला. पण एवढं सांगते, रडता रडता मला बरंही वाटत होतं. जे वाक्य मी त्या परसदारी बोलायला हवं होतं, ते अखेर तोंडातून निघालं होतं.

रेग्यांनी ऑफर केली. निखिलपेक्षा बरीच वरची, आणि कर्जाची गरज नसलेली. अनंत चतुर्दशी झाली आणि सोमवारी म्हातारीच्या एजंटचा, गॅरेथचा, फोन आला. गॅरेथ बरा माणूस. म्हणाला, "बाईंना तुझी मंडळी आवडतात. पण त्या महिनोन् महिने थांबल्यात. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत एक्स्चेंज, नाहीतर दुसरी ऑफर."

कागद सगळे तयार होते. फक्त निखिलची सही आणि सॉलिसिटरला 'हो' एवढंच बाकी. मी आनंदाने फोन केला, तर निखिल चाचरला.

"मावशी, इट्स पितृपक्ष."

"बरं मग?"

"अण्णा त्या फोर्टनाइटमध्ये नवीन शर्टसुद्धा घालत नाही. एव्हर. घर त्यांच्यासाठी घेतोय आणि त्यांना कळलं की या दिवसात साइन केला, तर ही विल नेव्हर बी हॅपी देअर. दोन आठवडे मागून घ्या ना."

"दोन आठवडे नाहीत. चार दिवस आहेत. अण्णांना विचारलंस?"

"स्पीच थेरपिस्ट म्हणाली, डोन्ट अपसेट हिम."

आता माझा पारा चढला. आपल्या लोकांची ही एक खास खोड आहे. वडीलधाऱ्यांच्या इच्छेसाठी सगळं घरदार अडून बसेल, पण त्यांची इच्छा काय आहे हे त्यांना विचारणार मात्र कुणी नाही! मी म्हटलं, "उद्या सकाळी मी मिल्टन कीन्सला येते. तुम्ही दोघं तिथे या."

मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउट्सनी, त्या गोल चौकांनी, मला दोनदा उलट पाठवलं. पोचले तेव्हा अण्णा दिवाणखान्यात खिडकीपाशी बसले होते, मांडीवर टॉवेल, पुढ्यात अर्धवट खाल्लेला पास्ता. निखिल आणि मधुरा अपराध्यासारखे बाजूला उभे. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं: बंगलो, शुक्रवार, दुसरी ऑफर, पितृपंधरवडा. काही लपवलं नाही. कराराने मला तशी सवय लावली होती, आणि ती घरांच्या व्यवहारापुरती ठेवायची असं कुठे लिहिलंय?

अण्णांना बोलायला वेळ लागायचा. एकेक शब्द जिभेवर ओढून आणावा लागे. आम्ही थांबलो.

"या पंधरवड्यात... पितर... जेवायला येतात ना?"

"हो अण्णा," मधुरा म्हणाली.

"मग त्यांना... घर नको?" त्यांनी बऱ्या हाताने ताट पुढे लोटलं. "इथे येतील... हे खायला?"

मग मधुरा हसता हसता रडायला लागली आणि निखिल बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून खालीच बसला. अण्णा मात्र गंभीर. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ताई... शुक्रवार... चुकवू नका."

चुकवते की काय! त्या दुपारी निखिलने सही केली, बुधवारी मी स्वतः कागद सॉलिसिटरच्या टेबलावर पोचते केले, गुरुवारभर दोन्ही ऑफिसांच्या डोक्यावर बसले. शुक्रवारी अकराच्या आत गॅरेथचा फोन आला. "डन," तो म्हणाला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि एकटीच टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी हॉर्न दिला, त्यालाही हात केला.

दसरा झाल्यावर अण्णा घरी आले. मी मुद्दाम गेले होते. व्हीलचेअर उताराच्या फळीवरून आत आली, मागच्या उन्हाच्या खोलीत थांबली. अण्णांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "मधुरा... पाणी."

मधुराने पाणी आणून दिलं. बस, एवढंच झालं. पण या धंद्यातल्या माझ्या सगळ्या किल्ल्या एका पारड्यात आणि तो पेला दुसऱ्यात, असं मी आजही म्हणेन.

त्या दिवाळीला मात्र वहिनींचा डबा आला नाही. वाट पाहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दिवाळीनंतर वास्तुशांत झाली. मधुराने शेजारधर्म म्हणून सगळ्या रस्त्याला बोलावलं होतं, त्यात रेगेही आले. त्यांना घर घेणारे कोण एवढं ठाऊक, कशासाठी घेतलं ते नाही. दारात मला बघून डॉक्टरांनी मान फिरवली. मग आतल्या खोलीत त्यांना अण्णा दिसले. उन्हात बसून, बऱ्या हाताने शिरा खात, जुन्या लॅबमधल्या दोस्ताला मराठीत शिव्या घालत होते. दारातच डॉक्टरांनी मधुराकडून सगळं ऐकलं. मग माझ्याकडे आले.

"हे त्या दिवशी सांगितलं असतंस तर आम्ही ऑफर केलीच नसती."

"तेच मला करायचं नव्हतं, डॉक्टर. त्यांची गोष्ट सांगून तुम्हाला मागे घ्यायला लावणं बरोबर नव्हतं. आणि त्यांचं गुपित राखायचं मी लिहून दिलं होतं."

ते खुर्चीवर बसले. मग मीच विचारलं, "तुम्ही तुमच्या सख्ख्या भावाला भूल दिली होतीत ना? तेव्हा त्याची सही घेतली होती?"

"घेतली होती."

"आपल्यात कागद कसला, असं नाही म्हणालात?"

डॉक्टर हसले. मी त्यांना कितीतरी महिन्यांनी हसताना बघत होते. "आण तो तुझा कागद," ते म्हणाले. कागद पर्समध्ये होताच. तो नेहमी असतो. वहिनीही येऊन बसल्या. डॉक्टरांनी पेन काढलं.

"थांबा," मी म्हटलं. "त्याआधी एक ऐका." आणि मी सांगितलं. ते परसदार, तो आकडा, फाइल, विकणाऱ्याला केलेला फोन. सांगताना मान वर करवली नाही.

बाहेर पंगत बसत होती, कुणीतरी ताटं मोजत होतं. डॉक्टर वहिनींकडे बघत राहिले. वहिनी माझ्याकडे.

"आणि मी पेढे घेऊन आले होते," वहिनी हळूच म्हणाल्या.

"हो."

"म्हणून त्या दिवशी मंडळात तू मला बोलू दिलं नाहीस?"

"हो, वहिनी."

त्यांनी चष्मा लावला. कागद डॉक्टरांच्या हातातून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचला, दुसरं पान तर दोनदा. मग डॉक्टरांच्या आधी स्वतः सही केली, पेनाचं टोपण लावलं, खुर्ची माझ्याजवळ सरकवली आणि कानाशी येऊन विचारलं,

"आता सांगू आकडा?"

"आता सांगा," मी म्हटलं.